तांब्या, लाटणं आणि शिवणीतली माया



शिवताना टिपेच्या बाहेर जे जादा कापड सोडतो त्याला आपण 'माया' म्हणतो. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांतली माया वेगळी आणि ही वेगळी. ही चांगली, मूल वाढलं की झबलं उसवून मोठं करता यावं म्हणून राखलेली शिल्लक. पण टीप मारून झाल्यावर ही माया उघडून दाबली नाही, तर महागातल्या कापडाचा पोलकाही घरी शिवलेला म्हणून लांबून ओळखू येतो. आज लिहायचं आहे ते या दाबण्याबद्दल, आणि खास इस्त्री घरात नसताना बायकांनी ते कशानं केलं त्याबद्दल.

कपडे गुळगुळीत करण्याचा इतिहास चीनपासून सांगतात. तिथे निखाऱ्यांनी भरलेलं, लांब दांड्याचं पसरट भांडं रेशमावर फिरवत. बाराव्या शतकातलं एक प्रसिद्ध चित्र बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्यात राजघराण्यातल्या स्त्रिया रेशमाचा पट्टा ताणून धरतात आणि एक जण त्यावर असं भांडं फिरवते. उत्तर युरोपात व्हायकिंग बायकांकडे मुठीएवढे काचेचे गोळे असत. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर, स्कार इथल्या एका दफनात देवमाशाच्या हाडाची कोरीव फळीही सापडली आहे. तागाचं कापड या फळीवर ठेवून काचेनं घासत, असं मानतात. असा छोटा गोळा अख्ख्या कपड्यापेक्षा शिवणी आणि चुण्या दाबायलाच सोयीचा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. मला ते पटतं. मुठीएवढ्या गोळ्यानं नऊवार कोण घासत बसेल?

शिवणीसाठी वेगळं हत्यार ठेवण्यात कोरियातल्या बायका सगळ्यांच्या पुढे. खोलीत ऊब देणारी शेगडी असायची, तिच्या राखेत एक बारीक टोकाची लोखंडी कांब खुपसलेली असे. तिला इंदू म्हणतात. शिवता शिवता ती उपसायची, माया दाबायची आणि पुन्हा राखेत खुपसायची. त्यांच्याकडे एक जुनी गंमतीची कथा आहे. मोजपट्टी, कात्री, सुई, दोरा, अंगुस्तान, ही इंदू आणि मोठी इस्त्री, अशा घरातल्या सात मैत्रिणी आपल्यात श्रेष्ठ कोण यावर भांडतात. लेखकाचं नाव कुणाला ठाऊक नाही. एखाद्या बाईनंच लिहिली असणार, नाहीतर शिवणीची कांब आणि मोठी इस्त्री अशा दोघींना वेगवेगळी जागा कुणी दिली असती?

आपल्याकडे 'इस्त्री' हा शब्दच पोर्तुगिजांकडून आला, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. कापड घोटण्याचं काम मात्र जुनं आहे. कुंदीगर लाकडी मोगरीनं कापड ठोकून त्याला तकाकी आणत. आपल्या भांडारांतल्या कागदी पोथ्यांचे कागदसुद्धा लिहिण्याआधी दगडानं किंवा शिंपल्यानं घोटलेले असत. ही कामं कारागिरांची, म्हणून त्यांना नाव आहे. घरातल्या बाईच्या हातात आला तो तांब्या.

पितळी तांब्यात निखारे भरून कपडे चोपणं पुष्कळांच्या घरी होतं. सांगलीकडे आमच्या आजीच्या घरी त्याला एक वेळ ठरलेली होती. सूर्यास्तापूर्वी जेवणं व्हायची, म्हणून स्वयंपाक उजेडातच आटोपलेला असे. चुलीत निखारे उरत. दिवा लावून शिवायचं नाही, कारण उजेडावर किडे येतात. म्हणजे उरलेला विस्तव आणि उरलेला उजेड यांची गाठ पडायची ती तेवढीच पाऊण घटका. त्या वेळात दिवसभर शिवलेल्याच्या माया दाबून व्हायच्या. मुद्दाम वेगळी आग पेटवायची नाही, हा तिचा नियम. अग्नीतही एकेंद्रिय जीव आहेत असं आपण मानतो. गृहस्थाला आरंभ चुकत नाही, पण कमी करता येतो. अष्टमी-चतुर्दशीला तांब्या खाली निघतच नसे.

निखाऱ्यांचा तो तांब्या वेगळाच होता, पाण्याला कधी वापरला नाही. त्याचं बूड थोडं गोलसर. सपाट कपड्याला ते गैरसोयीचं, पण मायेला उत्तम, कारण गोल बूड बरोबर टिपेच्या रेषेवर टेकतं आणि बाजूच्या कापडावर वळ उठत नाही. ओल्या बोटानं टीप ओलवायची, तांब्या टेकवायचा, उचलायचा आणि लगेच वर लाकडी पाट ठेवून हातानं रेटायचं. पाट कशाला, तर सुती धागा ओल आणि उष्णतेनं सैल पडतो आणि गार होताना ज्या आकारात असेल त्यात बसतो. सेल्युलोजच्या रेणूंमधले दुवे सुटून नव्यानं जुळतात. नुसतं तापवून सोडलं तर माया परत उभी राहते. लाकूड वाफ शोषतं आणि गार होईपर्यंत दाबून धरतं. परदेशी शिंपी याचसाठी क्लॅपर नावाचा गुळगुळीत ठोकळा वापरतात. आपला पाट तेच करत होता.

बाहीसारख्या गोल शिवणीला ते लोक भुसा गच्च भरलेली उशी घेतात. तिचं नाव टेलर्स हॅम, म्हणजे डुकराची मांडी! नाव ऐकून मी कानांवर हात ठेवले. आपण जुन्या साडीची घट्ट गुंडाळी करतो किंवा लाटण्याला पंचा गुंडाळतो. काम तेच होतं.

बाहीची अडचण साऱ्या जगात सारखीच. अमेरिकेत बायका दोन खुर्च्यांवर फळी टाकून इस्त्री करत. त्या रुंद फळीवर अरुंद बाही चढायची नाही. सेरा बून ही गुलामगिरीत जन्मलेली आणि पुढे न्यू हेवनमध्ये कपडे शिवून पोट भरणारी बाई. तिनं अरुंद, वळणदार, गादी लावलेली आणि उलटवता येणारी फळी बनवली. २६ एप्रिल १८९२ ला तिला तिचं पेटंट मिळालं. त्याआधी दहा वर्षं, १८८२ मध्ये, हेन्री सीली यांनी विजेच्या इस्त्रीचं पेटंट घेतलं होतं. पण वीजच घरोघरी नव्हती, त्यामुळे बूनबाईंची फळी गरम लोखंडाखालीच कामाला आली.

कॉमर्स शिकल्यामुळे मला एक गोष्ट जाणवते. जी वस्तू विकत आणली तिची नोंद खतावणीत होते, पेटंट निघतं, जाहिरात येते, पुढे ती संग्रहालयात जाते. तांब्या, पाट, लाटणं यांची नोंद भांडी म्हणून झाली. त्यांनी जे दुसरं काम केलं त्याचा खर्च शून्य, म्हणून नोंदही शून्य. जुन्या पेटीवरची इस्त्री लगेच ओळखू येते. तांब्याखाली मात्र 'तांब्या' एवढीच चिठ्ठी लागते.

एक काम असं होतं ज्याला आजी निखारा लावत नसे. ते पाण्याच्या गाळण्याची कड. आपल्याकडे गाळण्याचं मापसुद्धा सांगितलेलं आहे, छत्तीस अंगुळं लांब आणि चोवीस अंगुळं रुंद, वापरताना दुहेरी. पाणी गाळल्यावर कापडावर राहिलेले जीव धुऊन जिथलं पाणी तिथेच परत सोडायचे असतात. कड फुगीर राहिली तर घडीत जीव अडकून मरतात, म्हणून ती नखानं दुमडून, ओली करून, गार वाटीच्या पाठीनं घासून चापून बसवायची. मग रात्रभर पाटाखाली. सकाळपर्यंत ती वाळून पक्की व्हायची, विस्तव न लावता.

हे आजही करून पाहता येतं. पाट जुना, साधा सागवानी घ्या. पॉलिश केलेला नको, गरम कापडाला पॉलिश लागतं आणि डाग जात नाही. रेशीम असेल तर मध्ये मलमलचा तुकडा ठेवा.