रोजची कीर्द रोज

हातातले एक काम करताना मनात दहा कामांची ये-जा चाललेली असते. अमक्याला निरोप द्यायचा राहिला, तमक्याचे अडीचशे रुपये कुठे मांडले ते आठवत नाही, आणि काल ठरले होते ते नेमके काय? तुम्ही कचेरीत असा, दुकानात असा की शेतावर, ही तक्रार तुमच्या ओळखीची असणार. तिच्यावर हल्ली नाना उपाय सांगतात. आपल्याकडे एक जुना उपाय होता. बोरू, शाई आणि कागद एवढ्याच भांडवलावर चालणारा. त्याचे नाव रोजकीर्द.

कीर्द हा शब्द आपण फारसीतून घेतला. 'करणे' ह्या अर्थाच्या तिथल्या धातूशी त्याचे नाते आहे. दिवसभरात जे केले, दिले, घेतले, ठरवले ते त्याच दिवशी, घडले त्याच क्रमाने एका वहीत उतरायचे, एवढीच तिची रीत. कोणती रक्कम कोणत्या खात्याची हा विचार कीर्द लिहिताना करायचा नाही. तो पुढे, निवांतपणे, खतावणी घालताना. टिपून ठेवणे आणि लावून ठेवणे ही दोन कामे आपल्या कारकुनांनी अशी वेगळी केली ह्यात मोठी मेख आहे. लिहिणाऱ्याला भर कामात थांबून विचार करावा लागत नाही, आणि विचार करायला बसलेल्याला आठवावे लागत नाही. संध्याकाळी बेरीज मारून शिल्लक काढायची, ती दुसऱ्या दिवसाच्या पानावर पहिली ओळ म्हणून चढवायची. व्यापारी तिला श्रीशिल्लक म्हणतात. म्हणजे सकाळी वही उघडली की काल काय उरले हे आपसूक समोर येते.

ही रीत पेशवाईच्या दप्तरात अगदी मुरली होती. फडणिसाच्या हाताखाली रोजकीर्द, तिच्यावरून खतावणी, आणि वर्षाअखेर ताळेबंद. नाना फडणीस मुत्सद्दी म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. पण फडणीस हा मुळात हिशेबाचा हुद्दा, हे आपण विसरतो. लिहायला जुन्नरी कागद नावाजलेला असे. मोडी लिहिणारा आधी सबंध ओळभर आडवी रेघ ओढी आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिला टांगत जाई. ओली शाई टिपायला वर वाळू. तारखेच्या आधी 'छ' काढून चांद्र दिवस घालायचा. पत्र संपले की 'लेखनसीमा' असा शिक्का मारायचा, म्हणजे मजकूर इथे संपला, मागाहून कोणी ओळ घुसडू नये. समर्थांनीसुद्धा दासबोधात एक सबंध समास लेखनक्रियेला दिला आहे आणि त्यात कागद, लेखणी, समास सोडणे असल्या बारीकसारीक गोष्टी सांगितल्या आहेत. मोक्षाच्या ग्रंथात लेखणीची ही उस्तवार मला तरी विसंगत वाटत नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत ह्या दप्तराची शिस्त ढिली पडली. तरीही रुमालांत बांधलेले जे कागद उरले त्यांतून रियासतकार सरदेसाई ह्यांनी १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत ४५ खंड काढले. कोणा कारकुनाने संध्याकाळी कंटाळा केला असता, तर त्या खंडांतली कितीतरी पाने आज कोरी असती.

इथवर कीर्दीचे कौतुक झाले. आता तिची दुसरी बाजू पाहू. आणि त्यासाठी तुम्हाला पुण्याच्या पूर्वेला, घोड आणि भीमेच्या काठी यावे लागेल.

शिरूर आणि त्या वेळचा भीमथडी तालुका (आजचा दौंड तालुका त्यातलाच) हा पावसाच्या लहरीवर जगणारा मुलूख. गावात लिहिणारे दोन. एक कुळकर्णी, तो सरकारचा हिशेब लिही. दुसरा सावकार, तो आपला. सावकाराची वही, कारागिरी म्हणून पाहिली तर, उत्तम असे. आधी लिहायचे, मग पैसा हातावर ठेवायचा, हा त्याचा धर्म. दिवाळीत वहीची पूजा. शेतकऱ्याकडे मात्र काय होते? आठवण. दिलेल्या पैशाची पावती नाही, फेडीची नोंद आपल्या हाती नाही, आणि रोख्यावर निशाणी करायची ती वाचता न येता.

तशात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. कायदा करणाऱ्यांना वाटले, ह्याने व्याज फार साचणार नाही. झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा, पुन्हा तीन वर्षांनी आणखी नवा. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव होता तोवर, १८६५ पर्यंत, कर्ज सहज मिळे. भाव उतरला तसे कर्ज आटले आणि मागची वसुली सुरू झाली. पुढे चौकशी झाली तेव्हा १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज लावल्याचे एक उदाहरण आढळले. व्याज मुद्दलाहून जास्त होऊ नये, हा आपला जुना दामदुपटीचा दंडक. तो कुठल्या कुठे गेला.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडीतल्या सुपे गावी (ते आता बारामती तालुक्यात आहे) बाजारपेठेत दंगा उसळला आणि तिथून तो पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरला. ह्या दंग्याची एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. जमाव मागत होता ते कागद: रोखे, हुकूमनामे, वह्या. जिथे ते मुकाट्याने हवाली झाले तिथे बहुधा पुढे काही झाले नाही. जिथे नाकारले गेले तिथे घरे पेटली. चव्हाट्यावर होळी झाली ती कागदाची. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांना लिहिलेल्याचे वजन किती असते ते पुरते ठाऊक होते.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यातली कलमे वाचली की मौज वाटते, कारण निम्मा कायदा लिहिण्याच्या सवयींचा आहे. रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, दोन्ही पक्षांना समजावा. पैसे फेडले की पावती मिळावी. वर्षाचा हिशेब मागितला तर द्यावा. चालू खाते असेल तर शेतकऱ्याला पासबुक मागता यावे. आणि वाद कोर्टात गेला तर न्यायाधीशाने नुसता शेवटचा रोखा पाहू नये, व्यवहाराच्या पहिल्या रुपयापासून सगळा हिशेब उलगडावा. कायद्याने कर्ज संपले नाही, सावकारीही संपली नाही. पण वहीची एक प्रत ऋणकोच्या बाजूला असावी हे मात्र प्रथमच हक्क म्हणून लिहिले गेले.

ह्या कायद्याच्या अंमलावर देखरेख करणाऱ्यांत १८८१ पासून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. १८८७ मध्ये ते विशेष न्यायाधीश झाले. गावोगावच्या कज्ज्यांतल्या वह्या पाहिलेल्या ह्याच माणसाने आयुष्याच्या अखेरीस, १९०० साली, पेशव्यांच्या रोजनिशीवर प्रस्तावनापर निबंध लिहिला. लढायांच्या बखरींपेक्षा त्या कोरड्या नोंदींतून राज्य कसे चालले होते ते अधिक कळते, असा त्यांचा कल होता. मला ह्याचे नवल वाटत नाही.

आता, कीर्द ही जुनी गोष्ट म्हणून तुम्ही बाजूला ठेवाल. म्हणून दौंड स्टेशनचे नाव घेतो. दंग्यानंतर तीनच वर्षांनी, १८७८ मध्ये, दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-सोलापूर वाटेवरच्या ह्या गावाचे जंक्शन झाले. जंक्शनवर गाड्या लक्षात ठेवून चालवता येत नाहीत. स्टेशनमास्तरापुढे ट्रेन सिग्नल रजिस्टर नावाची रकान्यांची वही असते. पुढच्या स्टेशनाकडे वाट केव्हा मागितली, केव्हा मिळाली, गाडी केव्हा आली, केव्हा सुटली, ते घडताच, तास-मिनिटांनिशी लिहायचे. आठवून मागाहून नाही. चूक झाली तर खोडरबर चालवायचे नाही. चुकलेल्यावर एक रेघ ओढायची, ते खालून वाचता आले पाहिजे, आणि शेजारी बरोबर आकडा लिहून सही करायची. पाळी बदलली की जाणारा आपली नोंद पुरी करतो, कोणती गाडी कुठे आहे ते येणाऱ्याला सांगतो, येणारा ते वहीशी ताडून पाहतो, आणि त्याच पानावर, शेवटच्या ओळीखाली, दोघेही सही करतात.