बर्फावरची बाई

भद्रावतीत बर्फ दोनच ठिकाणी भेटतो. एक गोळेवाल्याच्या गाडीवर आणि दुसरा लग्नाच्या मांडवात, पाण्याच्या पिंपात. त्याच्यावर कुणी नाचतं, असं मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात सांगून पाहा. लोक ऊन लागलं समजून तुमच्या तळपायाला कांदा चोळतील. अशा गावात राहून मी कॅटरिना व्हिटचा भक्त झालो.

ती मला भेटली केस कापायच्या दुकानात, एका जुन्या क्रीडा-मासिकात. 1984 चं सारायेवोचं हिवाळी ऑलिंपिक. पूर्व जर्मनीची अठरा वर्षांची पोरगी, एक पाय बर्फावर, दुसरा मागे आभाळात, आणि चेहरा असा, की गॅसवर चहा ठेवून सहज बाहेर आलीय. सुवर्णपदक तिचं. दुकानदाराची नजर चुकवून ते पान मी घरी आणलं.

पुढची पंचवीस वर्षं माझी देवी त्या एका पायावरच उभी होती. ती हलते कशी, हे मी पाहिलंच नव्हतं! ती तहान वाचनावर भागवली. या खेळाला ‘फिगर’ म्हणतात ते बर्फावर काढायच्या आकृत्यांवरून. पात्याने आठाचा आकडा काढायचा आणि त्याच रेघेवरून पुन्हा गिरवायचा. परीक्षक वाकून रेघ तपासणार. 1990 नंतर मोठ्या स्पर्धांतून हे गिरवणं गेलं. आमचे गुरुजी असते तर जाऊ दिलं नसतं.

1988 ला कॅलगरीत तिने आणि अमेरिकेच्या डेबी थॉमसने एकच संगीत निवडलं, ‘कार्मेन’. एका मांडवात दोघी जणी सारखंच लुगडं नेसून याव्यात तसं. थॉमस तिसरी आली, कॅनडाची एलिझाबेथ मॅनली दुसरी, आणि आमची पहिली. लागोपाठ दोन ऑलिंपिकं जिंकणं सोन्या हेनीनंतर, म्हणजे 1936 नंतर, एकेरीत कुणा बाईला जमलं नव्हतं. मी घरी शिरा करायला सांगितला. कारण सांगितलं नाही.

मग 1989 ला बर्लिनची भिंत पडली, गुप्त पोलिसांची दप्तरं उघडली. त्यात हिच्यावर हजाराहून जास्त पानं निघाली. लहानपणापासून पाळत. गाडी, घर, परदेशवाऱ्या अशा सवलतीही तिला होत्या, त्यावरून लोक तिला बोललेही. ते खोटं नव्हे. पण मला वाटायचं, या मुलीकडे टक लावून बघणारा मी एकटाच. माझ्याकडे एक पान होतं, त्यांच्याकडे हजार. ते पान मी बरेच दिवस ट्रंकेतून काढलं नाही.

1994 ला, अठ्ठाविसाव्या वर्षी, ती लिलेहॅमरला पुन्हा उतरली. सोळा-सतरा वर्षांच्या पोरींसमोर. तेव्हा सारायेवोला वेढा पडलेला होता. जिथे ती जिंकली तो झेत्रा हॉल तोफांनी फोडलेला, शेजारच्या मैदानात कबरी. तिने पीट सीगरचं फुलांचं युद्धविरोधी गाणं घेतलं, ते त्या शहरासाठी.

हे सगळं मी पाहिलं ते परवापरवा, लेकीने दिलेल्या फोनवर. देवी हलली. तांबडे कपडे, उड्या बेताच्या, हात मात्र कुणाला तरी शोधत असल्यासारखे.

आमची ही मागून डोकावली. “पहिली आली का जी?”

“सातवी.”

“मंग तुम्ही रडता काहून?”

मी सारायेवोचं सांगितलं. ती पदराला हात पुसत शेजारी बसली. म्हणाली, “पुन्हा लावा बरं.”

ते पान तिला कधीपासून माहीत होतं, हे तेव्हा कळलं. ट्रंक तीच आवरते.