मोटारीतील फेरबदल आणि वॉरंटी

नवी मोटार दारात आली की काही दिवसांतच तिची ताकद वाढवावी, आवाज भारदस्त करावा, अशी हौस अनेकांना वाटू लागते. इंजिनाच्या ईसीयूचे रिमॅपिंग, जादा हवा खेचणारा एअर फिल्टर, मोठ्या व्यासाचा सायलेन्सर हे त्यातील नेहमीचे प्रकार. या हौसेचा वॉरंटीवर काय परिणाम होतो, याचा विचार मात्र बहुधा बिघाड झाल्यावरच केला जातो.

वॉरंटी कशाची असते?

साहित्यातील वा उत्पादनातील दोष ठरावीक मुदतीत अथवा ठरावीक किलोमीटरपर्यंत विनामूल्य दूर करण्याची उत्पादकाने दिलेली हमी म्हणजे वॉरंटी. ब्रेक पॅड, वायपर यांसारखे वापराने झिजणारे भाग सामान्यतः तीत येत नाहीत. अनधिकृत फेरबदलामुळे उद्भवलेला बिघाडही बहुतेक वॉरंटी पुस्तिकांमध्ये स्पष्टपणे वगळलेला असतो.

एक फेरबदल केला की संपूर्ण वॉरंटी रद्द होते, हा समज सरसकट खरा नाही. मूळ प्रश्न असतो तो कार्यकारणसंबंधाचा. सायलेन्सर बदललेल्या गाडीची दरवाजाची काच बिघडली, तर त्या दोन गोष्टींचा संबंध जोडता येत नाही. रिमॅपिंग केलेल्या गाडीचा टर्बोचार्जर निकामी झाला, तर तो सहज जोडता येतो. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार, विशिष्ट ब्रँडचेच सुटे भाग वापरण्याची अट उत्पादकाला वॉरंटीसाठी सर्वसाधारणपणे घालता येत नाही. भारतात त्या धर्तीचा स्वतंत्र कायदा नसल्याने पुस्तिकेतील शब्दरचनेला विशेष महत्त्व येते.

धोका कोठे अधिक?

रिमॅपिंगमध्ये टर्बोचा दाब, इंधनाचे प्रमाण आणि ज्वलनाची वेळ बदलली जाते. त्यामुळे वाढलेला टॉर्क क्लच, गिअरबॉक्स व अ‍ॅक्सल यांच्यावर येतो; इंजिनातील तापमानही वाढते. म्हणजेच वाहनातील सर्वांत महागड्या भागांचीच वॉरंटी धोक्यात येते. सर्व्हिसिंगपूर्वी मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरले की काम भागते, असे सांगितले जाते. परंतु अनेक आधुनिक ईसीयूंमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा बदलले, याची नोंद राहते. वायरिंग कापून बसवलेले दिवे वा हॉर्न दिसायला किरकोळ असले, तरी विद्युत यंत्रणेतील बिघाडाच्या वेळी तेच कारण म्हणून पुढे केले जातात.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हाच अर्थ अधोरेखित केला. सीएनजी किटसारखे बदल विहित अटींवर करता येतात. मात्र त्यांची नोंद आरटीओकडे करावी लागते. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरबदलासाठी वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दावा नाकारल्यास

सर्व्हिस सेंटरने दावा नाकारल्यास तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. कोणता भाग, कोणत्या कारणाने आणि पुस्तिकेतील कोणत्या अटीनुसार नाकारला, हे लेखी मागावे. जुना भाग ताब्यात घ्यावा. त्यानंतर कंपनीच्या ग्राहक विभागाकडे व राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे दाद मागता येते. दोषाची परीक्षा आवश्यक असल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

फेरबदल करायचाच असेल, तर प्रथम वॉरंटी पुस्तिका वाचावी, शक्यतो उत्पादकाने मान्य केलेली अ‍ॅक्सेसरी अधिकृत विक्रेत्याकडूनच बसवून घ्यावी, पावती जपून ठेवावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. ताकदवाढीचे रिमॅपिंग मात्र वॉरंटीची मुदत संपेपर्यंत लांबणीवर टाकणेच श्रेयस्कर. आणि तेव्हाही ते कायद्याच्या चौकटीत बसते का, हे पाहणे आवश्यक आहे.