उमरेडच्या जाईबाई चौधरी : शाळा, पंगत आणि परिषद

विदर्भातील स्त्री-इतिहासाचा विचार करताना १८९२ मध्ये उमरेड येथे जन्मलेल्या जाईबाई चौधरी यांचे कार्य मूलगामी ठरते. हमाली केलेल्या या अस्पृश्य स्त्रीने पुढे शिक्षण घेऊन १९२२ मध्ये चोखामेळ्याच्या नावाने नागपुरात मुलींची शाळा काढली. परंतु डिसेंबर १९३७ मध्ये त्याच शहरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत भोजनप्रसंगी त्यांना वेगळे बसविण्यात आले. भगिनीभाव व्यासपीठावर होता, पंगतीत नव्हता, असेच म्हणावे लागेल. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी निषेध सभा घेतली. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच, डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत व सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेने घटस्फोटाच्या हक्काचा आणि बहुपत्नीत्वाच्या विरोधाचा ठराव संमत केला.