ब्रह्मपुरीच्या परसात

बेळगावजवळच्या मच्छे गावाहून निघून तुम्ही बेळगाव, निपाणी मागे टाकलंत. आता कोल्हापुरात पंचगंगेकाठी, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उभे आहात. इथून वाट खाली जाते. पायाखालचे मातीचे थर एकेक करून बाजूला होतात आणि तुम्ही बहमनी अमलातल्या एका परसात उतरता.

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात. भिंतीशी कुंभाराने आणून दिलेली नवी गाडगी आहेत. एक उचला, टिचकी मारा. खणखणीत वाजलं, म्हणजे नीट भाजलंय. गळ्याला आतून बोट लावा, चाकावर फिरताना उमटलेल्या बारीक रेघा लागतील. खालचं पोट मात्र थापटून पातळ केलेलं आहे. शेजारी लाल आणि काळी भांडी मांडलीत. माती एकच असली तरी आव्यात हवा खेळती राहिली की भांडं लाल निघतं आणि धूर कोंडला की काळं.

घरातली बाई गाडगं उचलायला वाकते. तिच्या हातात रंगीत काचेच्या बांगड्या आहेत. गाडगं निसटतं, फुटतं. ती खापरं गोळा करते आणि परसामागे टाकून देते.

तुम्ही तिथेच थांबा. पावसाळे जातील, भिंती पडतील, वर नवी घरं उठतील. मग माथ्यावर कुदळ वाजेल. साल १९४५. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित खणत आहेत. प्रत्येक खापर कोणत्या थरातलं, याची नोंद होतेय. त्याच थरातली नाणी त्याचा काळ सांगतात. आणखी खाली सातवाहनांच्या काळातलं गाव आहे.

याच ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती पाहायला लोक कोल्हापूरच्या संग्रहालयात जातात, जायलाच हवं. समुद्रापलीकडच्या संबंधांची ती साक्ष आहे. पण साध्या घरात काय शिजलं, पाणी कशात भरलं, हे खापरंच सांगतात. ज्यांचं नाव शिलालेखात नाही, त्यांचा इतिहास एवढाच उरला आहे.

बेळगावजवळच्या वडगाव-माधवपूरलाही सातवाहनकालीन नगर जमिनीखालीच मिळालं. तेव्हा आपल्या भागात पाया खणताना जुनी खापरं, विटा दिसल्या, तर त्या भरावात ढकलू नका. किती खोलीवर मिळाल्या ते लिहा, फोटो काढा, पुरातत्त्व खात्याला कळवा. थरातून उपटलेलं खापर मुकं होतं आणि उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही.