रात्रीची वही

बेलव्ह्यू म्हटलं की तुमच्यापैकी अनेकांना सिअ‍ॅटलशेजारचं, घरटी एक मराठी इंजिनिअर असलेलं गाव आठवेल. मी सांगतेय ते न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाबद्दल. १ मे १८७३ रोजी तिथे नाइटिंगेलच्या पद्धतीने चालणारी परिचारिकांची शाळा सुरू झाली; अमेरिकेतल्या अशा पहिल्या शाळांपैकी एक.

शाळेच्या मागे होत्या लुईसा ली स्कायलर आणि त्यांच्यासारख्या शहरातल्या वजनदार बायका. आदल्या वर्षी डॉ. गिल वायली यांनी नाइटिंगेलबाईंकडे सल्ला मागितला होता. त्यांचं उत्तर आजही कोड्यात टाकतं. उपचारांच्या बाबतीत परिचारिकेने डॉक्टरचा हुकूम पाळायचा, त्यात वाद नाही. पण तिची शिस्त मात्र मुख्य परिचारिकेच्याच हातात हवी. म्हणजे स्वायत्तता आली ती मागच्या दाराने!

सिस्टर हेलन शाळेच्या प्रमुख होत्या आणि रात्रपाळी लिंडा रिचर्ड्स सांभाळायच्या. रात्री रुग्णाचं काय झालं हे त्या लिहून ठेवू लागल्या. आज हे तुम्हाला किरकोळ वाटेल. पण तोंडी निरोप सकाळपर्यंत विरून जातो, लिहिलेलं राहतं. आणि डॉक्टर घरी झोपलेले असताना रुग्णाला पाहिलं कुणी, याचा तो पुरावाही असतो. माझ्या मते व्यावसायिक स्वातंत्र्याची सुरुवात कायद्यापेक्षा या वहीत शोधावी.

पुढे बेलव्ह्यूमध्येच शिकलेल्या लॅव्हिनिया डॉक यांनी १८९० मध्ये परिचारिकांसाठी औषधांवर पाठ्यपुस्तक काढलं. देतोय ते औषध काय आहे हेच माहीत नसेल, तर चूक ओळखणार कशी?

इझाबेल हॅम्प्टन १८८३ मध्ये तिथून उत्तीर्ण झाल्या. (त्याच वर्षी आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या होत्या.) हॅम्प्टन जॉन्स हॉपकिन्सच्या परिचारिका-शाळेच्या प्रमुख झाल्या, पण १८९४ मध्ये लग्न केलं आणि पद सोडावं लागलं. तरी त्या थांबल्या नाहीत. एकदा मिळालेली पदविका जन्मभर पुरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. १८९९ मध्ये कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात नोकरीतल्या, आधीच शिकलेल्या परिचारिकांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला, त्यामागे त्याच होत्या. १९०३ च्या न्यूयॉर्क कायद्याने नोंदणी आली, आणि परीक्षक मंडळावर बसल्या परिचारिकाच. काय शिकायचं आणि कोण पास, हे आता त्यांनी ठरवायचं होतं.

माझी मावशी महाराष्ट्रात सरकारी नोकरीत परिचारिका होती. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे तास भरायचे, म्हणून ती सुट्टीच्या दिवशी कार्यशाळांना जायची. प्रमाणपत्रांची प्लास्टिकची फाइल कपाटात साड्यांखाली असे. काय शिकलीस, विचारलं तर हसायची. "सही झाली गं, तेवढं पुरे." पण एकदा हातमोजे कधी बदलायचे यावरून तिने एका तरुण डॉक्टरला वॉर्डात सगळ्यांसमोर अडवलं होतं, आणि त्या दिवशी ती घरी आली ते कार्यशाळेचीच टिपणं शोधत.