चिमूरचे तट आणि सोळा ऑगस्ट

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) परगावचा एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो आणि हळूहळू तिथली माणसे, त्यांचे रुसवे, त्यांची वैरे त्याला उमगू लागतात. वाडी लहान आहे, कारभारी एकच आहे, म्हणून हे उमगणे शक्य होते. तालुक्याच्या गावी बदलून आलेल्या मास्तराची गोष्ट मराठीत त्या मानाने थोडी लिहिली गेली आहे. तिथे कारभारी अनेक असतात, आणि कोण कुणाचा कारभारी हेही दर पाच वर्षांनी बदलते. शाळा-महाविद्यालयांतल्या नोकऱ्यांमुळे असे नवखेपण आमच्या व्यवसायातल्या पुष्कळांच्या वाट्याला येते. झाडीपट्टीच्या पश्चिम काठावरचे चिमूर हे त्याचे एक बोलके उदाहरण आहे, असे आम्हांला वाटते.

नवखा माणूस प्रथम पक्ष पाहतो. त्याच्या हाती ती एकच किल्ली असते आणि ती इथल्या कुलपाला लागत नाही. चिमूर लोकसभा मतदारसंघाने १९९१ मध्ये काँग्रेसचे विलास मुत्तेमवार, १९९६ मध्ये भाजपचे नामदेव दिवठे, १९९८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे जोगेंद्र कवाडे, १९९९ मध्ये पुन्हा दिवठे आणि २००४ मध्ये भाजपचेच महादेव शिवणकर असे प्रतिनिधी पाठवले. विधानसभेसाठी विजय वडेट्टीवार २००४ मध्ये शिवसेनेतर्फे निवडून आले, नारायण राणे यांच्यापाठोपाठ काँग्रेसमध्ये गेले, पोटनिवडणूक जिंकले, २००९ मध्येही जिंकले आणि २०१४ पासून शेजारच्या ब्रह्मपुरीतून निवडून येऊ लागले. चिमुरात त्या वर्षापासून भाजपचे कीर्तिकुमार भांगडिया आहेत. यावर 'इथे विचारसरणीला अर्थ नाही' असा शेरा मारून मोकळे होता येते. बरेच नवखे तेच करतात आणि बदलीचा अर्ज लिहायला घेतात. आमच्या मते पक्ष इथे अंगरख्यासारखा आहे. तो बदलला तरी आतले नाते, हिशेब आणि मानापमान बदलत नाहीत.

हे आतले नाते वाचायचे कुठे? वर्तमानपत्रात ते फारसे सापडत नाही. झाडीपट्टीच्या नाटकाच्या पत्रकात सापडते. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव नाटके लागतात. वडशाच्या नाट्यमंडळ्या रात्रभराचा प्रयोग करतात आणि गावातले मंडळ पत्रक छापते. नाटकाचे नाव ठळक असतेच, पण पत्रकाचा मोठा भाग उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि प्रमुख अतिथी यांनी व्यापलेला असतो. मराठीच्या अध्यापकाने संहितेआधी हे पत्रक वाचायला शिकावे. कुणाचे नाव उद्घाटकाच्या जागी आहे, कुणाला 'सह' लावून खाली उतरवले आहे, एकाच वॉर्डातल्या दोन मंडळांच्या दोन पत्रकांत कोणते नाव एकदाही समान नाही, यावरून तट कळतात. ज्याचे नाव वगळले गेले, त्याचे वगळले जाणे प्रयोग संपल्यावरही गावाच्या लक्षात राहते. नाटक समजायला एक रात्र पुरते, पत्रक समजायला दोन-तीन हंगाम लागतात.

या तटांपलीकडे एक मोठे वैर आहे. त्यात सारे गाव एका बाजूला उभे असते. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला. उरलेल्या जिल्ह्यातून आणखी एक जिल्हा निघावा, या मागणीत चिमूर आणि ब्रह्मपुरी समोरासमोर येतात. ब्रह्मपुरी ब्रिटिश अमदानीतही तहसीलीचे ठिकाण होते आणि पुढे शिक्षणाचे गाव म्हणून नावारूपाला आले. चिमूर त्या काळी वरोरा तहसिलीत मोडत होते. म्हणजे कचेऱ्यांच्या इतिहासात ब्रह्मपुरीचे पारडे जड. चिमूर त्यावर दुसरा इतिहास ठेवते, आणि मागणीचे नावच 'क्रांती जिल्हा' असे आहे. एका गावाने दप्तर पुढे करावे आणि दुसऱ्याने हौतात्म्य, असा हा वाद आहे. २००८ च्या पुनर्रचनेत चिमूर लोकसभा मतदारसंघ संपला. गडचिरोली-चिमूर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ झाला आणि गोंदिया जिल्ह्यातील आमगावपासून अहेरीपर्यंतच्या त्या विस्तारात चिमूर नि ब्रह्मपुरी दोन्ही सामावले. चिमूरचे नाव जोडशब्दाच्या उत्तरपदात उरले. उत्तरपद म्हणजे काय, ते ज्या गावाचे पूर्वपद गेले त्याला विचारावे.

हौतात्म्याचा तो इतिहास असा. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. त्या चातुर्मासात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज चिमुरात होते. त्यांच्या खंजिरीभजनांनी गाव तापलेले होते. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, प्रभातफेरी निघाली, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मारला गेला. खवळलेल्या जमावाच्या हातून उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि शिपाई कांताप्रसाद ठार झाले. काही दिवस गावावर सरकारचा अंमल नव्हता. मग गोरे आणि देशी सैनिक आले. घरे लुटली गेली, पुरुष शेकड्यांनी पकडले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. तुकडोजी महाराजांना २८ ऑगस्टला अटक झाली. आष्टी आणि चिमूरच्या खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. देशभर झालेल्या प्रयत्नांनंतर शेवटच्या कैद्यांची फाशी १९४५ मध्ये टळली.

हा वारसा कुणाचा, हा प्रश्न चिमूरच्या राजकारणात कायम धगधगता आहे. काँग्रेसच्या कथनात तो मुंबईच्या ठरावाचा पडसाद आहे. गुरुदेव सेवा मंडळाच्या कथनात तो महाराजांच्या भजनांचा प्रताप आहे. तालुक्यातल्या गोंदेड्याची तपोभूमी त्या नात्याची साक्ष देते. संघपरिवाराच्या लेखनात स्वयंसेवकांचा पुढाकार ठळक केला जातो आणि पुढे १९५२ मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रम सुरू करणाऱ्या रमाकांत देशपांडे यांचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. नवखा माणूस यांतला खरा वारस शोधू पाहतो. आम्हांला हा शोधच फसवा वाटतो. १९४२ च्या चिमुरात एकच तरुण सकाळी शाखेत, संध्याकाळी भजनात आणि सभेला तिरंग्याखाली असणे मुळीच अशक्य नव्हते. आजच्या रेघा त्याच्यावर मागाहून ओढल्या गेल्या. रेघ ओढण्याचे काम १९७२ नंतर अधिक जोमाने झाले असावे, असा आमचा तर्क आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात ताम्रपट दिले गेले, निवृत्तिवेतन सुरू झाले आणि त्यासाठी तुरुंगवासाचा दाखला लागू लागला. कुणाचा त्याग कागदावर आहे आणि कुणाचा नाही, हा भेद प्रथमच रुपयांत मोजला गेला. रंगनाथ पठारे यांनी आपल्या कादंबरीला 'ताम्रपट' (१९९४) हे नाव दिले, त्यामागची दृष्टी अशा गावांत राहिल्यावर अधिक कळते.

बाहेरच्या माणसांनी चिमूर कसे वाचले, हेही पाहण्यासारखे आहे. घटनेनंतर तिथे जाऊन तिथल्या अत्याचारांना वाचा फोडणाऱ्यांत हिंदुमहासभेचे डॉ. बा. शि. मुंजे होते, नागपूरच्या स्त्रिया होत्या. सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी थेट दिल्लीला बापूजी अणे यांच्या दारी गेले. अणे यवतमाळकडचे, पण त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तिथे दाद लागली नाही. भणसाळी पायी चिमूरकडे निघाले, पकडून परत आणले गेले आणि त्यांनी उपोषण चालू ठेवले. त्या बातम्यांवर बंदी आली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ ला देशातील अनेक वृत्तपत्रांनी अंक काढले नाहीत. १२ जानेवारीला, त्रेसष्टाव्या दिवशी, कन्हैयालाल मुन्शी आणि डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने उपोषण सुटले. गांधींच्या आश्रमातला साधक, महासभेचा पुढारी, काँग्रेसने काढून टाकलेले मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री खरे: पक्षांच्या नकाशावर ही माणसे एका कागदावर बसत नाहीत. चिमूरच्या स्त्रियांसाठी ती काही काळ बसली.

आजच्या दावेदारीत नेमकी हीच बाजू फिकट होते. वारसा मागणाऱ्याला हुतात्मा हवा असतो, पुढारी हवा असतो, फाशीतून सुटलेला वीर हवा असतो. सोनवणे आणि जरासंध या देशी नोकरांचे काय करायचे, हे कोणत्याच तटाला ठाऊक नाही. ती नावे वाक्याच्या शेवटी पटकन उच्चारून टाकली जातात. स्त्रियांचे तर नावही घेता येत नाही, कारण नाव घेणे हीच पुन्हा विटंबना, असे त्या पिढीने मानले. अधिकाऱ्यांपुढे जाऊन गाऱ्हाणे मांडणाऱ्या दादीबाई बेगडे यांचे नाव त्यातल्या त्यात टिकले. ज्या चौकशीसाठी भणसाळींनी अन्न सोडले, ती स्वतंत्र चौकशी सरकारने केली नाही. १९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, पुढच्या वर्षी देश स्वतंत्र झाला, चिमूरच्या वारशावर हक्क सांगणारे सारेच पक्ष यथावकाश सत्तेत बसून गेले. त्या मागणीची फाइल मात्र कुणीही आपला वारसा म्हणून मागितलेली नाही.